उन्नीस-बीसचा फरक

जसोंडीला नणंदेच्या नातवाचं जावळ होतं. तिथून मी भर उन्हात इतवाऱ्यातल्या घरी परत आले, पिशवी खाली टाकली, पंखा लावला आणि सवयीनं टेबलाकडे पाहिलं. टेबलावर दादाच्या मशीनचं कार्ड नव्हतं. टेबल म्हणजे आमच्या पुढच्या खोलीतलं माझं कामाचं टेबल. त्याला घरातलं कोणी हात लावत नाही, लावला तर मी काय करते ते सगळ्यांना ठाऊक आहे. जाताना मी कार्डावर स्टीलचा डबा पालथा घालून गेले होते. तो डबा तेवढा घासून मांडणीवर ठेवलेला होता.

सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. कार्ड कुठंय विचारलं तर मान वर न करता म्हणाल्या, तुझा भाऊ घेऊन गेला, तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. म्हणाला, तिनं सांगितलंय की चालतंय. चहा घेऊन गेला, असंही वर सांगितलं, म्हणजे पाहुणचारात काही कमी पडलं नाही हे मला कळावं.

मी कधी सांगितलं चालतंय म्हणून? माझ्या तोंडून असा शब्द निघालाच नव्हता, मी तर बरोबर उलटं सांगितलं होतं. सासूबाईंवर ओरडून उपयोग नव्हता, तरी ओरडलेच. त्या म्हणाल्या, मला त्यातलं काय कळतं बाई, हिरवा तुकडा तो, त्यानं मागितला मी दिला.

त्या हिरव्या तुकड्यापायी मी एवढी का तडफडत होते ते सांगते. आमचे वडील भुसावळकडून इकडे कागदाच्या कारखान्यात नोकरीला आले. दादा आणि मी कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. दादा दहावीनंतर कागदातच शिरला. मला विजेच्या वस्तू उघडून पाहायचा नाद, म्हणून मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि लग्न होऊन बुऱ्हानपुरात आले. इथं घरोघर पावरलूम. नवीन लूमला कार्डं असतात, म्हणजे चिपा बसवलेल्या हिरव्या पाट्या, आणि ती कार्डं जळतात, त्यामुळे मला कामाची ददात नाही. सुरुवातीला लोक दारात येऊन विचारायचे, भाईसाब घर में हैं क्या? मी म्हणायची, भाईसाब शाळेत शिकवायला गेलेत, कार्ड इकडे द्या. आता कोणी विचारत नाही.

दादानं मोठा कारखाना सोडला आणि बहादरपुरच्या वाटेवर केळीच्या मळ्यांमध्ये एक पत्र्याची शेड आहे, तिथं लागला. कागदाचे मोठाले रोल आणायचे आणि वह्यांसाठी त्यांचे ताव कापायचे, एवढंच तिथलं काम. कापायचं मशीन परदेशातून जुनं म्हणून आणलेलं. दादा त्याचा मुख्य ऑपरेटर. एक लांबच लांब ड्रम, त्याच्यावर आडवं पातं. ड्रमची एक फेरी, की कागदाचा एक काप. ते पातं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरले होते. दादा मात्र त्याच्या शेजारी असा वावरतो, जशी वहिनी चुलीपाशी.

आता ह्या मशीनमध्ये कागद अडकतो. रोज अडकतो, दिवसातून कितीदा तरी. अडकला की मशीन थांबवायचं, पडद्यावर पात्याची जागा पाहायची, शून्य असलं म्हणजे पातं वर आहे, मग झाकण उघडून हात घालायचा आणि चुरगळलेला कागद ओढून काढायचा. खरं तर आधी मेन बंद करायला हवी. पण मेन बंद केली की मशीन पुन्हा तयार व्हायला फार वेळ खातं, म्हणून कोणी करत नाही. झाकण उघडलं की मशीन आपोआप मुडदा व्हावं म्हणून एक स्विच आहे. तो केव्हाच तारेनं बांधून टाकलेला. ही आपली नेहमीची तऱ्हा. म्हणजे हात घालणाऱ्या माणसाचा सगळा भरवसा राहिला त्या पडद्यावरच्या शून्यावर.

ते शून्य येतं कुठून? ड्रमच्या टोकाला एक एन्कोडर बसवलेला असतो. पातं कुठं आहे तो आकडा तो तारेवरून कार्डाला पाठवतो. दोन तारजोड्या असतात, एकीवर ठोका, दुसरीवर आकडा. प्रत्येक ठोक्याला आकड्याचा एक तुकडा वाचायचा. आणि प्रत्येक जोडीसाठी कार्डावर एकेक चिप असते, ट्रान्सीव्हर. लांबून आलेला सिग्नल उचलून कार्डाला कळेल असा करून द्यायचं तिचं काम. ह्या कामाला तिला इवलासा वेळ लागतो. दोन्ही चिपांना सारखाच लागला तर काही बिघडत नाही. पण एक मागं पडली तर आरतीत एखादा टाळ्या मागून वाजवतो तसं होतं. आरतीत देव समजून घेतो. कार्ड मात्र एका ठोक्याला भलताच तुकडा वाचतं आणि तोच खरा मानतं.

वैशाखात एकदा लाइट फार खालीवर झाली आणि त्या कार्डावरची एक चिप गेली. वह्यांचा मोसम, शाळा उघडायच्या आत माल जायचा, शेड बंद पडलेली. दादानं इंदूरहून चिप मागवली. नंबर तोच, पण कंपनी दुसरी. शेडचे मॅनेजर साहेब हिंदीवाले, मराठी समजते पण बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, नंबर एक है तो चिप एक है. मी दादाला म्हटलं, नंबर एक असला म्हणून स्वभाव एक नसतो, कार्ड माझ्याकडे आण, मी मोजल्याशिवाय लावू देणार नाही. तो कार्ड आणि ती नवी चिप माझ्या टेबलावर ठेवून गेला.

मी चिप कार्डावर बसवली आणि मोजलं. मोजायची रीत साधी आहे, फसायच्या जागा मात्र पुष्कळ. एकच चौकोनी सिग्नल एकाच ठिकाणून दोन्ही चिपांना द्यायचा, दोघींची बाहेरची बाजू स्कोपवर, म्हणजे सिग्नलच्या रेघा दाखवणाऱ्या यंत्रावर, घ्यायची, आणि दोन रेघा किती अंतरानं चढतात ते पाहायचं. तेवीस नॅनोसेकंद दिसले. नॅनोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातला एक. पण स्कोपच्या दोन्ही वायरीसुद्धा सारख्या नसतात ना. माझा स्कोप जुना, वायरी त्याहून जुन्या. म्हणून वायरींची अदलाबदल केली आणि पुन्हा मोजलं. आता सोळा आले. म्हणजे वायरीच एकदा भर घालत होत्या आणि एकदा कापत होत्या. दोन्हींची बेरीज करून निम्मे केले, साडेएकोणीस. हे गरम चिपांचं सांगतेय हं. थंड चिपा बऱ्याच बऱ्या वागत होत्या, पण शेडमध्ये कार्ड ज्या लोखंडी पेटीत बसतं ती मे महिन्यात भट्टीसारखी तापते, म्हणून मी माझा केस वाळवायचा ड्रायर त्यांच्यावर धरून मोजलं होतं. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या, आता काय त्याला वेणी घालणार का.

त्या जुन्या मशीनला एकूण मोकळीक, म्हणजे चालेल एवढा फरक, होती पंचवीस नॅनोसेकंदांची. त्यातले पाच-सहा लांब केबलच खाऊन टाकते. उरलेलं सगळं ह्या दोन चिपांनी खाल्लं. म्हणजे मशीन अगदी काठावर. पेटी थोडी जास्त तापली की आकडा चुकणार. वाचलेला आकडा बरोबर की चूक हे तपासायची सोय त्या जमान्याच्या मशीनमध्ये नाही.

मी लगेच फोन केला. दादानं साहेबांनाही कळावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे मी हिंदीत बोलले. मागं शेडमधला गलबला. माझं वाक्य मला शब्दान् शब्द आठवतं. मी म्हटलं, "दोनों चिप में उन्नीस-बीस का फरक है." साहेब म्हणाले, ठीक है. मी म्हटलं, मी एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या दोन चिपा मागवते. दादा म्हणाला, हो, मागवून ठेव. मला वाटलं, झालं काम. मी चिपांची ऑर्डर दिली, कार्डावर डबा पालथा घातला आणि जावळाला गेले.

आणि आता कार्ड गायब. सासूबाईंचं बोलणं ऐकल्यावर मी दादाला फोन लावला. रिंग जात राहिली. मशीनपाशी तो फोन जवळ ठेवत नाही, तशी त्याची शिस्त आहे. पुन्हा लावला, पुन्हा तेच. साहेबांचा नंबर माझ्याकडे नव्हता. वहिनीला लावला तर ती म्हणाली, शेडवरच आहेत, दोन पाळ्या लावल्यात, मशीन काय मस्त चाललंय म्हणे, तुमचं फार कौतुक करत होते ताई. मी फोन ठेवला. तोंड धुतलं नाही, पाणीसुद्धा प्यायले नाही. सासूबाई मागून हाका मारत राहिल्या आणि मी स्कूटी काढली.

इतवाऱ्याच्या गल्लीतून बाहेर पडायलाच वेळ गेला. दुपारची वेळ, तरी हातगाड्या, शेळ्या, मधेच उभी केलेली रिक्षा. मी इतके हॉर्न मारले की एक दुकानदार म्हणाला, आग लागली का ताई? मी म्हटलं, हो, लागली. बहादरपुरच्या रस्त्याला केळीच्या गाड्या भरत होत्या, रस्ताभर दांडे आणि पानं पडलेली. डोक्यात एकच. दुपार आहे, पेटी तापलेली असणार. आणि कागद अडकला असेल तर दादाचा हात कुठं असेल? दादाचा उजवा हात. मी मोठ्यानं देवाचं नाव घेत होते, आणि मधूनच दादाला शिव्याही देत होते. कार्ड न्यायच्या आधी एक फोन करायला काय धाड भरली होती ह्या माणसाला?

शेडचं दार उघडंच होतं. आत शिरले आणि मला दिसलं ते असं. मशीन थांबलेलं. झाकण वर. दादा ओणवा झालेला, उजवा हात कोपरापर्यंत ड्रमच्या खाली, आणि तोंडानं शेजारच्या कामगाराला काहीतरी चेष्टेचं सांगतोय. पडद्यावर हिरवं शून्य.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर तो हात तसाच आत ठेवून माझ्याकडे वळला असता, मी ओळखते त्याला. मी सरळ पेटीपाशी गेले आणि लाल बटणावर हाताचा तळवा आपटला. मशीनची घुरघुर बंद झाली. पडदा काळा पडला. मग मी म्हटलं, "दादा, हात काढ."

त्यानं काढला. हात अख्खा होता, तेलानं आणि कागदाच्या धुळीनं माखलेला. मी पेटीला टेकून उभी राहिले.

मग साहेब धावत आले. त्यांचा पारा चढलेला. मशीन असं एकदम बंद केलं की रोलचा ताण जातो, पुन्हा सगळं जुळवण्यात दुपार जाते. बाहेरच्या माणसानं बटणाला हात लावायचा नाही, वगैरे वगैरे. मी त्यांचं संपू दिलं नाही. मी म्हटलं, ह्या दोन चिपा एकत्र लावायच्या नाहीत म्हणून मी सांगितलं होतं, तुम्ही लावल्याच कशा? ते मग म्हणाले, "आप ही ने तो फोन पे कहा था, उन्नीस-बीस का फरक है."

मी म्हटलं, हो, कहा था. मग? ते म्हणाले, मग काय, उन्नीस-बीस तो चलता है. आणि दादा, माझा सख्खा भाऊ, हात पुसत पुसत म्हणाला, "तूच तं बोलली ना बाई, उन्नीस-बीस. मंग मी म्हटलं, काईच फरक नाही."

इथं साडीचे दोन रंग जवळजवळ सारखे असले की उन्नीस-बीस. दोन जावयांत डावं-उजवं करायचं नसलं की उन्नीस-बीस. दोन दुकानांचा भाव, दोन डॉक्टरांचा गुण, सगळं उन्नीस-बीस. मीसुद्धा दिवसातून दहादा म्हणते. आणि नेमका खराखुरा आकडा निघावा साडेएकोणीस, आणि मी तो हिंदीत सांगावा. मराठीत एकोणीस ते वीस नॅनोसेकंद असं म्हटलं असतं तर दादाला कळलं असतं. साहेब होते म्हणून हिंदीत बोलले. अहो, कोणाच्या ध्यानीमनी येईल हे?

मी सांगितलं, तो आकडा होता. एकोणीस ते वीस. मोजलेला आकडा. दादाचा चेहरा बदलला, पण साहेबांचा नाही. ते म्हणाले, मॅडम, सेकंदाचा शंभर कोटीवा भाग, तसले वीस, त्यानं काय होतंय? मशीन तर मक्खन चाललंय. कापलेला माल बघा. माल खरोखरच चांगला होता, तावांच्या कडा एकसारख्या. धावत्या मशीनमध्ये एखादा काप इकडे-तिकडे झाला तर तो ताव रद्दीत जातो, कोण लक्ष देतो? आणि सांगून मानणारे ते गृहस्थ नव्हतेच. दादाही गोंधळला होता. त्याला माझंही पटत होतं आणि त्याचे डोळेही त्याला सांगत होते की मशीन ठीक आहे.

तेव्हा मी म्हटलं, चालू करा. पेटीचं दार लावून ठेवा, आत तापू दे, मशीनचं झाकण उघडं ठेवा, आणि कोणी जवळ जायचं नाही. मी बाहेर जाऊन रस्त्यावरून केळीचा एक दांडा उचलून आणला, चांगला मनगटाएवढा जाड. मशीन चालू व्हायच्या आधी तो ड्रमच्या खाली सरकवून ठेवला, जिथं दादाचा हात होता बरोबर तिथं. मशीन चालू केलं, पण ड्रम थांबलेलाच ठेवला. पडद्यावर शून्य आलं. पातं वर. आम्ही सगळे लांब उभे राहिलो.

काही झालं नाही. पत्र्यावरचं ऊन तापत होतं, पंखा गरम हवा फेकत होता. साहेबांनी घड्याळात पाहिलं. पुन्हा पाहिलं. कामगारांतला एक जण हळूच म्हणाला, ताईंनी उगीच... दादा मात्र दांड्यावरची नजर काढत नव्हता. मलासुद्धा शंका यायला लागली. वाटलं, आपण चुकलो असू दे देवा, मी ह्या सगळ्यांची माफी मागते, साहेबांची पण मागते.

आणि फटकन आवाज झाला. ड्रम हलला कधी आणि परत जागेवर गेला कधी, मला दिसलंच नाही. कार्डानं एकदा चुकीचा आकडा वाचला होता. मशीनला वाटलं पातं सरकलंय, त्यानं आपणहून ते जागेवर आणायला ढकललं, मग पुढचा आकडा बरोबर आला, तसं ते मुकाट परत फिरलं. पातं वर. पडद्यावर हिरवं शून्य, काही झालंच नाही असं. आणि दांड्याचे दोन तुकडे होऊन एक खाली पडला होता. कापलेल्या तोंडातून पाणी गळत होतं.

साहेबांनी रुमाल काढला आणि तो हातातच धरून उभे राहिले. मघाशी बोललेला कामगार बाहेर गेला, त्याला उलटी झाल्याचा आवाज आला. मी स्वतः हे सगळं मोजून बसलेली बाई. मला ठाऊक होतं काय होणार. पण कागदावर साडेएकोणीस लिहिणं वेगळं आणि हे पाहणं वेगळं.

दादा जाऊन तो तुकडा उचलून घेऊन आला. कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "परवा कागद काढला तं त्याले एक काप जास्तीचा होता. मी म्हटलं, कागदच फाटका आला असन." परवा, तो कागद काढताना, म्हणजे त्याचा हात आत जायच्या जरा आधी किंवा जरा नंतर.

मला त्याला खूप बोलायचं होतं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते, एकेक असं की त्याला जन्मभर पुरलं असतं. ती सगळी राहू दिली. मी पेटी उघडली, कार्ड काढलं आणि पिशवीत टाकलं. साहेबांना सांगितलं, नव्या चिपा येईपर्यंत मशीन बंद, आणि त्या झाकणाच्या स्विचची तार माझ्यासमोर तोडा. त्यांनी पक्कड मागवली आणि स्वतः तोडली. मला त्या माणसाची त्या वेळी कीवच आली, कारण दादा सांगायचा, कागद अडकला की कधीमधी तेही त्या झाकणात हात घालायचे.

दादाचं घर शेडपासून जवळच. मी त्याला म्हटलं, घरी चल, मीही जेवते. तो माझ्या स्कूटीच्या मागं बसला. दादा कधी माझ्या मागं बसत नाही, नेहमी मला मागं बसवतो. केळीचे मळे मागं जात होते आणि मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

वहिनीनं आम्हाला दोघांना एकदम पाहिलं आणि खूश झाली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यात तिनं लगेच वांगी भाजायला घातली. काय, आज मालकांनी लवकर सोडलं वाटतं, असं तिनं विचारलं. दादा म्हणाला, लाइट गेली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ठीक आहे, म्हटलं, सांगायचं नसेल तर नको सांगू. मीही ते ह्या बाईला जेवायच्या आधी सांगणार नव्हते.

ताटं मांडली. वहिनीनं गरम भाकरी दादाच्या ताटात टाकली. दादानं उजवा हात भाकरीवर ठेवला आणि तो तसाच राहिला. भाकरी मोडेना. त्यानं पुन्हा प्रयत्न केला तर हात वाटीवर आपटून चटणी सांडली. त्यानं हात मांडीखाली घेतला. वहिनी तव्यावरून वळली आणि म्हणाली, काय झालं हो हाताला? तो म्हणाला, काही नाही, बधीर झालाय.

वहिनीचा त्यावर विश्वास बसणार नव्हताच. तिनं तवा उतरवला, पदराला हात पुसले, त्याच्या समोर बसली आणि मांडीखालचा हात ओढून काढला. उजेडाकडे धरला. तळवा पाहिला, उलटा करून मागची बाजू पाहिली, मनगट पाहिलं, पुन्हा तळवा. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, लागलेलं तर कुठं दिसत नाही, मुका मार आहे का? आणि अंगठ्यापासून सुरू करून एकेक बोट दाबून बघायला लागली, इथं दुखतं का, इथं दुखतं का. मी भाकरीचा घास हातात धरून बसले होते. दादा प्रत्येक बोटाला नाही म्हणाला.